तारीख ठरण्यापूर्वी: वयोवृद्ध रुग्णाच्या पचनमार्गाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेची जोखीम कशी मोजावी

शस्त्रक्रियेची तारीख पडते, खाट राखून ठेवली जाते आणि मग कोणीतरी सांगते, ‘फिजिशियनचे फिटनेस तेवढे घेऊन या.’ ईसीजी, टू-डी इको, छातीचा एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या होतात, चिठ्ठीवर ‘मध्यम जोखमीसह भूल देण्यास हरकत नाही’ असे लिहून मिळते, आणि कुटुंबाला वाटते की जोखीम मोजून झाली. वास्तविक त्या चिठ्ठीत एवढेच असते की हृदय आणि फुफ्फुस भूल सोसू शकतील. आजोबा शस्त्रक्रियेनंतर पुन्हा स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जातील का, गुंतागुंत झालीच तर तिच्यातून सावरतील का, घरी परत येतील की महिनोन्‌महिने अंथरुणावर राहतील, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या चिठ्ठीत नसते.

बहुतेक चुका ज्ञानाच्या अभावी नव्हे, तर क्रम उलटा झाल्यामुळे होतात. ज्या मोजमापाने निर्णय बदलू शकतो ते निर्णयाच्या आधी व्हायला हवे. पुढचे टप्पे त्या क्रमाने दिले आहेत. ते निवासी डॉक्टर, कुटुंबाचे डॉक्टर आणि फाईल घेऊन फिरणारा मुलगा किंवा मुलगी, या सर्वांसाठी आहेत. अंतिम निर्णय शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि रुग्ण यांनी मिळून घ्यायचा असतो. परंतु त्या निर्णयासाठी लागणारी बरीचशी माहिती रुग्णालयाबाहेरच गोळा होऊ शकते. वयाची ७० वर्षे ओलांडलेल्या प्रत्येक रुग्णाला हे लागू करावे, आणि त्याहून तरुण पण दिसायलाच खंगलेल्या रुग्णालाही.

टप्पा १: कागद आणि पिशवी

पहिल्या भेटीला तीन गोष्टी सोबत असाव्यात. पहिली, जुन्या प्रिस्क्रिप्शनची फाईल, कारण सहा महिन्यांपूर्वीचे खरे वजन बहुधा तिच्यातच कुठेतरी नोंदलेले सापडते. दुसरी, घरातल्या सर्व औषधांची पिशवी. यादी नव्हे, प्रत्यक्ष पिशवी. तिसरी, चश्मा, श्रवणयंत्र, कवळी आणि नेहमीची काठी. ऐकू न येणाऱ्या माणसाची स्मृती तपासली तर ती बिघडलेलीच दिसणार, आणि काठीविना चालवले तर त्याचा वेग खोटाच येणार.

रोज सोबत राहणारी व्यक्ती या भेटीला असणे आवश्यक आहे. पुण्याहून किंवा परदेशातून धावत आलेला मुलगा मनापासून उत्तरे देतो, पण वडील रात्री किती वेळा उठतात आणि ताटात किती टाकतात हे त्याला माहीत नसते.

टप्पा २: नेमकी कोणती शस्त्रक्रिया, आणि कशासाठी

‘पोटाचे ऑपरेशन’ या शब्दांवर जोखीम मोजता येत नाही. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्याचा भाग काढणे, गुदाशयाचा खालचा भाग काढून आतडे जोडणे, संपूर्ण जठर काढणे, स्वादुपिंडाचे डोके काढण्याची व्हिपल शस्त्रक्रिया आणि छाती उघडून केलेली अन्ननलिकेची शस्त्रक्रिया यांचा शरीरावर पडणारा भार सारखा नाही. शेवटच्या दोन सर्वांत जड. त्यामुळे शल्यविशारदाकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: शस्त्रक्रियेचे नाव, हेतू रोग बरा करण्याचा आहे की केवळ अडथळा दूर करण्याचा, आतडे जोडले जाणार आहे का, आणि शस्त्रक्रिया न केल्यास पुढच्या काही महिन्यांत काय होण्याचा संभव आहे.

आतड्याच्या जोडाबद्दलचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जोड गळला तर पोटात जंतुसंसर्ग पसरतो; पन्नाशीतला माणूस पुष्कळदा त्यातून बाहेर येतो, ऐंशीतल्या दुर्बळ माणसासाठी मात्र तीच गळती जीवघेणी ठरू शकते. म्हणून ‘गळती होण्याची शक्यता किती’ याच्याबरोबरच ‘गळती झाली तर हा माणूस ती सोसेल का’ हेही विचारावे लागते. उत्तर नकारार्थी असेल तर जोड न करता पोटावर स्टोमा (आतड्याचे टोक त्वचेवर आणून शौचासाठी केलेले तोंड) काढणे हा अधिक सुरक्षित मार्ग असू शकतो. मग स्टोमाची पिशवी कोण बदलणार, रुग्णाची दृष्टी आणि बोटे त्यासाठी पुरेशी आहेत का, हे प्रश्नही याच टप्प्यावर येतात. स्टोमाची जागा शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला बसवून, उभे करून आखावी. परकराची नाडी किंवा धोतराची गाठ जिथे येते ती रेषा टाळावी.

पडताळा: रुग्णाला स्वतःच्या आजाराबद्दल काय माहीत आहे, हे इथेच विचारा. ‘त्यांना काही सांगू नका’ असे घरच्यांनी ठरवले असेल तर पुढचे सगळे मोजमाप लंगडे पडते. त्यावर शेवटच्या टप्प्यात लिहिले आहे.

टप्पा ३: तीन महिन्यांपूर्वीचा माणूस आणि आजचा माणूस

क्लिनिकल फ्रेल्टी स्केल या १ ते ९ अंकांच्या मापनात १ म्हणजे अत्यंत तंदुरुस्त, ५ पासून पुढे जर्जरता, आणि ९ म्हणजे आयुष्याची अखेर. रुग्ण आज खाटेवर पडलेला दिसतो म्हणून त्याला थेट ७ देऊन टाकणे ही नित्याची चूक आहे. दोन अंक लिहावेत: आजार जाणवू लागण्यापूर्वीचा आणि आजचा. जो शेतकरी दिवाळीपर्यंत रोज रानात जात होता आणि रक्त कमी झाल्यामुळे गेल्या सहा आठवड्यांत घरी बसला, त्याची घसरण आजारामुळे आहे. तिच्यातला काही भाग उपचाराने भरून निघू शकतो. जो माणूस दोन वर्षांपासून हळूहळू घराबाहेर पडेनासा झाला, त्याची राखीव ताकदच संपत आली आहे. आजचा अंक दोघांचा सारखा आला तरी जोखीम सारखी नसते.

दैनंदिन कामांच्या प्रश्नावलीत आपल्याकडे एक खास फसगत होते. स्वयंपाक, बाजारहाट आणि पैशांचा व्यवहार स्वतः करता का, या प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर येते, कारण स्वयंपाक सून करते आणि बँकेचे काम मुलगा पाहतो. ही घरातली कामाची वाटणी झाली, असमर्थता नव्हे. उलट, ‘त्यांना काहीच करावे लागत नाही’ या कौतुकाच्या वाक्याआड खरी असमर्थता लपूनही राहते. म्हणून प्रश्न असा विचारावा: ‘घरी चार दिवस कोणी नसले तर तुम्ही एकटे राहू शकाल का? काय अडेल?’

टप्पा ४: चाळणी, आणि तिचा अर्थ

जी-८ ही आठ प्रश्नांची चाळणी काही मिनिटांत होते. एकूण गुण १७. १४ किंवा त्याहून कमी आल्यास सविस्तर वार्धक्य-मूल्यमापन करावे. परंतु यातले ८ गुण भूक, वजनातील घट आणि उंचीच्या मानाने वजन यांवर आहेत. जठराचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग असलेल्या माणसाचे गुण त्यामुळे कमी येणारच.

इशारा: जी-८ चे कमी गुण म्हणजे ‘शस्त्रक्रिया करू नये’ असा निकाल नव्हे. त्याचा अर्थ ‘पुढे तपासा’ एवढाच आहे. कमी गुण दाखवून रुग्णाला परत पाठवणे ही जितकी चूक, तितकीच गुण न मोजता टेबलावर घेणे ही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात वृद्ध कर्करुग्णांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी असा विभाग नसला तरी पुढचा टप्पा घड्याळ, खुर्ची आणि मोजपट्टी यांवर पार पाडता येतो.

टप्पा ५: चालणे, स्मृती, मन

खुर्चीतून उठून ३ मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे, आणि लागलेला वेळ मोजणे: शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांत इतक्या कमी खर्चात इतके सांगणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही. १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका मानतात. २० सेकंदांच्या वर वेळ गेल्यास शस्त्रक्रियेनंतरच्या मोठ्या गुंतागुंतींची शक्यता वाढलेली दिसते. नेहमीची पादत्राणे आणि नेहमीची काठी असू द्यावी, एकदा सराव द्यावा आणि दुसऱ्या वेळी मोजावे. कोलोनोस्कोपीसाठी पोट साफ केलेल्या दिवशी किंवा हातात सलाईन असताना ही चाचणी करू नये. त्याबरोबर हाताच्या पकडीची ताकद मोजता आली तर उत्तम. आशियाई निकषांनुसार पुरुषांत २८ किलोपेक्षा कमी आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी पकड ही स्नायू घटल्याची खूण आहे.

स्मृतीसाठी मिनी-कॉग ही चाचणी सोपी आहे: तीन शब्द सांगायचे, घड्याळ काढायला लावायचे, शब्द परत विचारायचे. ५ पैकी ३ पेक्षा कमी गुण आल्यास स्मृतीत बिघाड असण्याचा संभव धरावा. मात्र ज्या आजींनी आयुष्यात कधी पेन्सिल धरली नाही त्यांना घड्याळ काढता आले नाही म्हणून स्मृतिभ्रंश ठरवणे अन्यायाचे आहे. तिथे वार, सण, नातवंडांची नावे, हिशेब आणि घरच्यांनी पाहिलेला बदल यांवर अधिक विसंबावे.

स्मृतीची नोंद शस्त्रक्रियेपूर्वी का हवी? शस्त्रक्रियेनंतर रुग्ण बरळू लागतो, सलाईन उपटतो किंवा उलट गप्प होऊन पडून राहतो, तेव्हा तो आधीपासून तसा होता का, याचे उत्तर कोणाकडेच नसते. आधीच स्मृती क्षीण असलेल्या रुग्णाला हा भ्रम होण्याचा धोका पुष्कळ अधिक असतो, आणि तो कळलेला असेल तर झोपेच्या गोळ्या टाळणे, चश्मा आणि श्रवणयंत्र लगेच परत देणे, ओळखीचा माणूस जवळ ठेवणे आणि दुसऱ्या दिवसापासून उठवून बसवणे, एवढ्याने त्याची शक्यता कमी करता येते. गप्प राहणारा भ्रम वॉर्डात सहज सुटून जातो.

उदासीनतेबद्दल एक प्रश्न तरी विचारावा. जेवण सोडण्याचे कारण नेहमी गाठच असते असे नाही.

टप्पा ६: पोषण

वजनातील घट टक्क्यांत मोजावी. ६० किलोंचा माणूस सहा महिन्यांत ५३ किलोंवर आला तर ती जवळजवळ १२ टक्के घट आहे, आणि सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक घट ही तीव्र कुपोषणाची खूण मानली जाते. पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काट्यावरचा आकडा फसवा असतो. दंड आणि मांड्या डोळ्यांनी पाहाव्यात. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असणे धोक्याचे आहे, पण ते केवळ न खाल्ल्याने नव्हे, शरीरातल्या दाहामुळेही घटते. म्हणून अल्ब्युमिनची बाटली लावून आकडा वर आणल्याने पोषण सुधारत नाही.

तीव्र कुपोषण असेल तर शस्त्रक्रिया ७ ते १४ दिवस पुढे ढकलून पोषण द्यावे, कर्करोगाची शस्त्रक्रिया असली तरी. याला कुटुंबाचा विरोध होतो, कारण ‘गाठ वाढेल’ ही भीती असते. दोन आठवड्यांत गाठीत पडणारा फरक आणि उपाशी शरीरावर आतडे जोडण्याचा धोका यांची तुलना समोर बसून समजावून सांगावी लागते.

घरी होणारी चूक मायेपोटी होते. ‘पचायला हलके’ म्हणून पेज, साबुदाण्याची खीर आणि नारळपाणी दिले जाते. त्यांत प्रथिने नगण्य असतात. दिवसाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ५० किलोंच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. अंडी, दही, पनीर, मुगाची घट्ट डाळ, दुधात घातलेली दूधपावडर, आणि तेवढ्याने भागत नसेल तर प्रथिनांची तयार पावडर, हे थोडे थोडे पण दिवसातून सहा वेळा द्यावे. आतडे अरुंद झालेले असेल तर कोंडा, पालेभाज्यांचे देठ आणि साली टाळाव्यात.

इशारा: ज्याने कित्येक दिवस जवळजवळ काहीच खाल्लेले नाही त्याला एकदम भरपूर आहार किंवा सलाईनमधून पोषण सुरू करू नये. फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम अचानक खाली जाऊन हृदयाची लय बिघडू शकते. आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यावे, क्षार तपासावेत आणि हळूहळू वाढवावे. जठरातून बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळा असून सतत उलट्या होत असतील तर पोटॅशियम आधीच खालावलेले असते.

टप्पा ७: हृदय, फुफ्फुसे, मूत्रपिंडे, रक्त

इकोमधील पंपिंगचा टक्का पाहून सुस्कारा सोडू नये. तो माणूस विश्रांतीत असतानाचा आकडा आहे. दोन जिने न थांबता चढता येतात का, हे विचारावे. येत नसतील तर दम, छातीत दुखणे, गुडघे किंवा अशक्तपणा यांपैकी कशामुळे, हेही विचारावे. गुडघ्यांमुळे चालत नसणाऱ्या माणसाच्या हृदयाची परीक्षा कधी झालेलीच नसते. मागच्या वर्षभरात हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी नळी) घातलेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञाशी थेट बोलल्याशिवाय तारीख ठरवू नये.

फुफ्फुसांबाबत बिडी-सिगारेटचा प्रश्न सगळे विचारतात, चुलीचा प्रश्न विसरतात. कधीही धूम्रपान न केलेल्या, पण चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या आजींना श्वासनलिकांचा जुनाट आजार असू शकतो. धूम्रपान शक्यतो चार आठवडे आधी बंद व्हावे. गेल्या महिन्यात छातीचा संसर्ग झाला होता का, आणि साध्या हवेत ऑक्सिजन किती आहे, हे नोंदवावे.

मूत्रपिंडांची फसगत सर्वांत शांतपणे होते. ७८ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा घटक) १.१ आले की अहवालात ते नॉर्मलच्या आत दिसते. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने मांडा: (१४० उणे वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), आणि स्त्री असल्यास गुणिले ०.८५. उत्तर, म्हणजे मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची गती, मिनिटाला जेमतेम ३० मिलिलीटर येते, आणि ती बरीच कमी आहे. स्नायूच कमी असल्यामुळे क्रिएटिनिन वाढलेले दिसत नाही, आणि मग वेदनेसाठी डायक्लोफेनॅक, सीटीचे कॉन्ट्रास्ट आणि प्रतिजैविकाची पूर्ण मात्रा एकाच आठवड्यात दिली जाते.

उजव्या बाजूच्या आतड्याची गाठ नकळत रक्त गाळत राहते. हिमोग्लोबिन कमी असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून लोहाची कमतरता निश्चित करावी. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ‘१० करून घ्या’ म्हणून रक्ताच्या बाटल्या चढवणे हा शेवटचा मार्ग असावा. शिरेतून दिलेल्या लोहाचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे ते निदानाच्या दिवशीच आठवले तर उपयोगाचे. त्याने रक्त देण्याची गरज टळेलच अशी खात्री मात्र देऊ नये. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिव्हेंट या संशोधन-चाचणीत तसा लाभ दिसला नव्हता.

टप्पा ८: पिशवीतली औषधे

पिशवी टेबलावर रिकामी करावी आणि प्रत्येक पाकीट हातात घेऊन विचारावे. चार गोष्टी शोधायच्या असतात.

रक्त पातळ करणारी औषधे: कोणते, कशासाठी आणि शेवटची गोळी कधी घेतली. क्लोपिडोग्रेल आणि वॉरफरिन साधारणपणे ५ दिवस आधी थांबवतात, परंतु स्टेंट किंवा कृत्रिम झडप असल्यास हा निर्णय कोणीही परस्पर घेऊ नये.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या: या ३ दिवस आधी थांबवाव्या लागतात. उपाशीपोटी त्या चालू राहिल्या तर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठते. हृदयासाठी म्हणूनही त्या दिल्या जातात, त्यामुळे मधुमेह नसलेल्यांच्या पिशवीतही सापडतात.

स्टेरॉइड: दमा किंवा संधिवातासाठी दिलेले, आणि गुडघेदुखीच्या अनोळखी पुड्यांतून नकळत पोटात गेलेले. रोज ५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन चार आठवडे घेतलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या वेळी स्टेरॉइडचे संरक्षण, म्हणजे जादा मात्रा, लागते. पुडीत काय आहे हे माहीत नसेल तर भूलतज्ज्ञाला तसे स्पष्ट सांगावे.

झोपेच्या गोळ्या, दारू, तंबाखू आणि मिश्री: यांची चौकशी न दुखावता करावी. अल्प्राझोलाम वर्षानुवर्षे घेणाऱ्याची गोळी रुग्णालयात अचानक बंद झाली तर तिसऱ्या दिवशी तो भ्रमात जाऊ शकतो.

इशारा: रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी चालू असलेली बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारी) गोळी ‘आज उपास आहे’ म्हणून चुकवू नये.

टप्पा ९: आकडा

आता, आणि आत्ताच, गणकयंत्राकडे वळावे. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचे जोखीम-गणक नेमकी शस्त्रक्रिया विचारते. हृदयाच्या जोखमीसाठीचा आरसीआरआय हा निर्देशांक सहा बाबी पाहतो. भूलतज्ज्ञ देतात ती एएसए श्रेणी केवळ रुग्णाची अवस्था सांगते, तिच्यात शस्त्रक्रिया येतच नाही. यांतले बहुतेक आकडे ३० दिवसांपुरते असतात, आणि वृद्धांमध्ये शस्त्रक्रियेशी निगडित मृत्यू पहिल्या वर्षभर होत राहतात. शिवाय ते आकडे ज्या रुग्णालयांतून आले तिथली अतिदक्षता आणि शुश्रूषा आपल्याकडे असेलच असे नाही. आकडा हा आठ टप्प्यांच्या नोंदीवरचा शेरा म्हणून वापरावा, तिच्याऐवजी नव्हे.

टप्पा १०: दुरुस्ती आणि फेरमोजणी

सापडलेल्या उणिवांपैकी दोन ते चार आठवड्यांत सुधारणाऱ्या कोणत्या, हे वेगळे काढावे: रक्त, पोषण, श्वास, चालणे, औषधे. रोज दोन वेळा चालणे, खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर सावकाश आत श्वास ओढणे, आणि व्यायामानंतर प्रथिने. बरेच रुग्ण त्या यंत्रात फुंकर मारतात. श्वास आत ओढायचा असतो, हे करून दाखवावे. मग चालण्याची चाचणी आणि वजन पुन्हा मोजावे. शस्त्रक्रियेपूर्वी किमोथेरपी दिली असेल तर आधीची सर्व मोजणी रद्द समजून नव्याने करावी, कारण किमोनंतरचा माणूस तोच राहिलेला नसतो.

इशारा: आतडे बंद होऊ लागले असेल, रक्तस्राव थांबत नसेल किंवा कावीळ वेगाने वाढत असेल तर तयारीसाठी थांबता येत नाही. आतडे पूर्ण बंद असताना किमान आजारापूर्वीची फ्रेल्टी श्रेणी, रक्त पातळ करणारी औषधे, लघवीचे प्रमाण आणि रुग्ण आत्ता भानावर आहे का, एवढे दहा मिनिटांत पाहावे. आधी फक्त स्टोमा किंवा अडथळ्याच्या जागी स्टेंट, आणि सावरल्यावर मुख्य शस्त्रक्रिया, असे दोन भाग करता येतील का, हे शल्यविशारदाला जरूर विचारावे.

टप्पा ११: रुग्णाशी बोलणे

हे बोलणे रुग्णाशी व्हायला हवे. मुले सोबत असावीत, मध्ये नव्हे. आजार लपवलेला असेल तर ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?’ या प्रश्नाने सुरुवात करावी. बहुतेकांना अंदाज आलेला असतो, आणि ज्यांना खरोखर जाणून घ्यायचे नसते ते तसे सांगतात. तोही त्यांचा निर्णय आहे.

मग तीन चित्रे सांगावीत: सगळे चांगले झाले तर काय, सर्वांत वाईट झाले तर काय, आणि या माणसाच्या बाबतीत सर्वाधिक संभव कशाचा. टक्क्यांऐवजी दिवसांत आणि कामांत सांगावे: किती दिवस रुग्णालयात, किती आठवडे दुसऱ्याच्या मदतीने, पुन्हा देवळापर्यंत चालत जाता येईल का. त्यानंतर विचारावे, ‘काय गमावलेले तुम्हाला चालणार नाही?’ कोणी म्हणतो, नातीच्या लग्नापर्यंत जगायचे आहे, काहीही करा. कोणी म्हणते, नळ्या लावून पडून राहायचे नाही. एकाच आकड्यावर ही दोन उत्तरे दोन वेगळ्या निर्णयांकडे नेतात: पूर्ण शस्त्रक्रिया, छोटी शस्त्रक्रिया, गुदाशयाच्या कर्करोगात रेडिओथेरपी, किंवा केवळ त्रास कमी करणारे उपचार.

गुंतागुंत झाल्यास व्हेंटिलेटर आणि दुसरी शस्त्रक्रिया यांबाबत रुग्णाची इच्छा काय, हेही याच बैठकीत विचारून लिहून ठेवावे, कारण रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलाला हा प्रश्न प्रथमच विचारला जाऊ नये. हे सगळे एका पानावर उतरवावे: दोन्ही फ्रेल्टी श्रेणी, चालण्याचे सेकंद, स्मृतीची नोंद, वजनातील घट, मूत्रपिंडाचा काढलेला आकडा, थांबवलेली आणि चालू ठेवलेली औषधे, चश्मा-श्रवणयंत्र-कवळी, आणि रुग्णाचे स्वतःचे शब्द. त्या पानाची एक प्रत भूलतज्ज्ञाकडे जावी आणि दुसरी वॉर्डातल्या केसपेपरवर सर्वांत वर लावावी.